स्वस्थ न बसणारे साडू

आमचे साडू स्वस्थ बसलेले या पृथ्वीतलावर कोणी पाहिलेले नाहीत, आणि पाहिले असं कोणी म्हणत असेल तर तो थापा मारतो. खुर्चीत बसले की पाय नाचायचा, पाय दाबून धरला की खांदा उडायचा, खांदा आवरला की भुवया. नवीन पनवेलच्या त्यांच्या घरी चहा स्टीलच्या पेल्यातच मिळतो, कारण कपबश्यांना त्यांच्या हातून केव्हाच मोक्ष मिळाला. मयताला गेले तरी चुळबुळ अशी, की लोकांना वाटावं यांची गाडी चुकतेय. कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगीही बसल्या बसल्या पाय हलवते. "पोर बापावर गेली" असं कोणी म्हटलं, की साडू फुगून जायचे.

त्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा करंजा बंदरावरचा. तिथं मासळीचा लिलाव बघत उभे होते, ऐन बोलीत हात वर केला आणि बोंबलांचा अख्खा ढीग गळ्यात पडला. चूक कबूल करतील तर ते साडू कसले? "मला घ्यायचेच व्हते," म्हणाले. मग सगळी बिल्डिंग बोंबील खात बसली. हा किस्सा मी लग्नांत, बारशांत हावभावांसकट सांगत आलोय.

पुढे साडू चालता चालता पडायला लागले, तेव्हा मेहुणीनं आम्हा दोघांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाईंनी त्यांना जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितली. जीभ सारखी आत पळायची. "बायकोपुढं कधी बाहेर काढली नाय, तिला सवय नाय," साडू म्हणाले. मग बाईंनी आपली बोटं त्यांच्या मुठीत दिली. मूठ आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. आणखी काय काय होतं, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी करंज्याचा किस्सा सांगितला. बाई हसल्या नाहीत.

"हात वर गेला तेव्हा तुम्हाला खरंच बोंबील घ्यायचे होते?" त्यांनी साडूंना विचारलं.

साडू म्हणाले, "नाय. माझा मलाच कललं नाय, तो कधी वर गेला." मग कोणी विचारलं नसताना म्हणाले, "आमचा बापूस पन असाच व्हता. झोकांड्या खायचा. सगला गाव बोलायचा, पितो. थेंबाला शिवला नाय कधी."

रक्ताच्या तपासणीनं बाईंचा संशय खरा ठरवला. ती चुळबुळ म्हणजेच मेंदूचा आजार, बापाकडून आलेला, वर्षागणिक वाढत जाणारा, बरं करणारं औषध नसलेला. मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी. नुसता पाय हलतो यावरून काही ठरत नाही, तपासणी करायची की नाही हे तिनंच ठरवावं, असं बाई म्हणाल्या. तिनं अजून ठरवलेलं नाही. मला मात्र तिच्या पायाकडे बघवत नाही.

परवा गणपतीला त्यांच्या घरी एक म्हाताऱ्या आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोर अगदी बापावर गेली हाय."

साडूंचे खांदे, भुवया, पाय, सगळं एकदम नाचत होतं. "नाय," ते म्हणाले. "ती आईवर गेलीय. नीट बघा. सगली आईवर."

आत्याबाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. "हो, आईवरच," मी म्हणालो. साडूंनी जन्मभर मारलेल्या थापांपैकी ही एवढी एक खरी निघावी, दुसरं मला काही नको.