पाचशे मैल विरजण आणि एक इंग्लिश खेडं

आमच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर मार्चमध्ये एक रंगीत पत्रक चिकटलं. काळ्या पट्ट्यांची पांढरी घरं, घड्याळाचा मनोरा, दोन बदकं, आणि खाली ओळ: शहरापासून काही मिनिटांवर, तुमचं इंग्लिश खेडं. काही म्हणजे किती, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी पत्रक उलटून, उजेडात धरूनही पाहिलं.

लावलं होतं श्रीकांतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. त्याच्या कंपनीचं बरंचसं काम नॉर्थ कॅरोलायनात हलणार होतं आणि येणार की नाही, हे त्याला एप्रिलअखेर सांगायचं होतं. त्याचा कॉलेजचा मित्र विवेक आणि विवेकची बायको नीलिमा दीड वर्षापूर्वी आमच्याच इमारतीतून उठून या खेड्यात राहायला गेले होते. कॅरी गावाच्या पुढे, पाइनच्या झाडीत, बिल्डरनं नवंकोरं वसवलेलं हे खेडं. "एकदा बघून तर येऊ," श्रीकांत म्हणाला. हे वाक्य तो ठरवून झाल्यावर म्हणतो, असा माझा अनुभव आहे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी न पोळताच फुंकते. कार्टनवरची तारीख वाचूनही दूध हुंगते. शिवाय मला गाडी चालवता येत नाही. टेस्टला दोनदा बसले, दोनदा नापास झाले. जर्सी सिटीत त्यावाचून अडत नाही. भाजी, लायब्ररी, आमच्या नऊ वर्षांच्या ईशाची शाळा, मॅनहॅटनची ट्रेन, सगळं चालत. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे या देशात माझं स्वतःचं असं जे काही आहे ते हे चालणंच. ते सोडायचं का, हा माझा प्रश्न होता आणि त्यानं माझी झोप उडाली होती.

निघायच्या आधी नीलिमाचा फोन आला. ती इथं होती तेव्हा रोज संध्याकाळी आम्ही दोघी नदीकाठी फिरायचो. ती अर्धा तास खेड्याचं कौतुक करत होती. हवा, शाळा, शांतता, स्वयंपाकघरातला ओटा. "आणि चाळीस मराठी घरं आहेत गं. एकटं वाटतच नाही." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "येताना विरजण आणशील का? आपल्या काकूंचं?"

काकू म्हणजे सातव्या मजल्यावरच्या देशपांडे काकू. अर्ध्या इमारतीचं दही त्यांच्या विरजणाचं. दुकानातल्या दह्याचं विरजण लावलं की तार सुटते, हे इथं राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. चाळीस घरं असताना चमचाभर दह्यासाठी हिला पाचशे मैलांवर फोन का करावा लागतो? श्रीकांतला विचारलं तर म्हणाला, "यार, तू दह्यात पण केस शोधतेस."

गुड फ्रायडेच्या सुट्टीला पहाटे पाचला निघालो. घाईत मी भांड्यातलं होतं नव्हतं तेवढं दही स्टीलच्या डब्यात ओतलं, झाकणाला फडकं बांधलं आणि डबा कूलरमध्ये ठेवला. तुम्ही जाणार असाल तर पाचच्या पुढे निघू नका. वॉशिंग्टनचा वळसा दहाच्या आत पार केला तरच दिवस हातात राहतो. टोलसाठी पंधरा डॉलर सुटे ठेवा. बाहेरचं खाणं महाग नाही, पण डेलावेअरच्या रेस्ट एरियात थंडगार बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाण्याची मजा बर्गरला नाही. रिचमंडच्या पुढे रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पाइन आणि बघायला काही नाही. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या नकाशाचं शेवटचं पान घरीच राहिलं होतं, म्हणून दोनदा चुकलो. पोचायला दहा तास लागले.

खेड्याच्या कमानीपाशी आधी दिसला तो मनोरा. घड्याळात सव्वातीन वाजले होते आणि खरंच सव्वातीन वाजले होते, म्हणून मला जरा बरं वाटलं. अर्ध्या तासानं पाहिलं तरी सव्वातीनच. कोपऱ्यावर लाल टेलिफोन बूथ, आत फोन नाही. सगळ्या गाड्यांवर, कुंपणांवर, पायऱ्यांवर पाइनचा पिवळा पराग हळद सांडल्यासारखा पसरलेला. घरांवरच्या त्या काळ्या लाकडी पट्ट्यांवर मी टिचकी मारली. आवाज पोकळ आला. प्लास्टिक.

"व्हेअर इज एव्हरीबडी?" ईशानं विचारलं. मीही तेच शोधत होते. हवा सुरेख, सुट्टीचा दिवस, आणि रस्त्यावर माणूस नाही.

नीलिमा दारातच उभी होती. तिनं मला मिठी मारली, ईशाचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "डबा?" आम्हाला पाणी देण्याआधी तिनं दूध कोमट केलं, विरजण लावलं आणि पातेलं ओव्हनमध्ये दिव्याखाली ठेवून दिलं. नागपूरची बाई पाहुण्याला पाणी विचारायला विसरली, हे मी लक्षात ठेवलं.

जेवण मात्र झकास होतं. भरली वांगी, वरणभात, वर लिंबू. ताट वाढल्यापासून विवेक श्रीकांतला ड्राइव्हचं सांगत होता. "बारा मिनिटांत ऑफिस. ट्रेन नाही, धक्के नाहीत. मी साडेपाचला घरी असतो." श्रीकांत घास हातात धरून ऐकत होता. तो रोज पावणेआठला येतो, तेही उभ्यानं प्रवास करून. त्याला हे का हवं आहे ते मला कळत होतं, म्हणूनच मी जास्त घाबरले होते.

"ती चाळीस घरं कुठं आहेत?" मी विचारलं.

"आहेत ना, मंडळात," विवेक म्हणाला. "गणपतीला भेटतो सगळे."

नीलिमानं मला आणखी एक वांगं वाढलं.

शनिवारी बिल्डरनं नमुना म्हणून सजवलेलं घर पाहिलं. एजंट बाई गोड होत्या, जरुरीपेक्षा जास्त. मी फ्रिज उघडला, आत मेणाची सफरचंदं. कपाटातली पुस्तकं एकमेकांना चिकटवलेली. निजायच्या खोलीत गेलो, खोली खूपच मोठी वाटली. दिसतं तसं नसतं, म्हणून मी पलंग विती टाकून मोजला. आमच्या घरच्या पलंगापेक्षा लांबीला दीड वीत कमी. मुद्दाम छोटा केलेला, खोली मोठी दिसावी म्हणून. एजंट बाई दारातून बघत होत्या. "मोस्ट फोक्स डोन्ट मेझर द बेड, हनी," त्या हसून म्हणाल्या. श्रीकांत लाजेनं खिडकीबाहेर बघायला लागला. निघताना त्यांनी नियमांची जाडजूड पुस्तिका दिली. बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, दाराला कोणता रंग लावायचा, सगळं आत होतं.

संध्याकाळी मी नीलिमाला म्हटलं, "चल, फिरायला. पूर्वीसारखं."

"चालत?" ती म्हणाली. मग चपला बदलून आली.

आम्ही तळ्याला वळसा घातला. बदकं खरी होती, हे कबूल केलं पाहिजे. कमानीबाहेर पडलो तर शंभर पावलांवर फूटपाथ गवतात संपला. पुढे चारपदरी रस्ता. "दुकान कुठं?" "चार मैल." आम्ही तिथंच उभ्या असताना एक गाडी थांबली आणि आतल्या गोऱ्या आजींनी काळजीनं विचारलं, गाडी बंद पडली का, कुठं सोडू का? दोन बायका चालताना दिसल्या म्हणजे काहीतरी बिघडलंय, असंच त्यांना वाटलं.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "नीलिमा, विरजण माझ्याकडून का मागवलंस? खरं सांग."

ती रस्त्यावरचा पराग पायानं पुसायला लागली. "फेब्रुवारीत दही बिघडलं. मंडळाची यादी काढून बसले. कुणाकडेही जायचं तर अर्धा तास ड्राइव्ह, त्याआधी फोन, त्याआधी ईमेल. चमचाभर दह्यासाठी अपॉइंटमेंट घ्यायची लाज वाटली. महिनाभर दुकानातलं खाल्लं. मग विवेक म्हणाला श्रीकांतला इकडे बोलावतायत. म्हटलं, तू आलीस तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "म्हणून सगळं चांगलं चांगलं सांगितलं तुला."

मला राग आला. माझं चालणं जाणार हे हिला माहीत होतं, माझ्यासोबत रोज चालणारी हीच तर होती. तरी हिनं मला बोलावलं. "तू मला फसवत होतीस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला फसवणार?"

आम्ही परतलो. घड्याळात सव्वातीनच वाजले होते. आत आल्यावर नीलिमानं सकाळी फ्रिजमध्ये ठेवलेलं पातेलं उघडलं. दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागलं होतं. ती ओट्याशी उभी राहून वाटीतलं दही चमच्यानं खात होती आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. राहिलं ते वाईट वाटणं, आणि ते रागापेक्षा जड होतं.

रविवारी परत निघालो. रिचमंड जवळ आलं. श्रीकांत म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत संशय."

"पलंग छोटा होता," मी म्हटलं.

"पलंग छोटा होता," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आणि मला साडेपाचला घरी यायचं होतं."

सोमवारी सकाळी दूध तापवलं, विरजणासाठी फ्रिज उघडला तर भांडं रिकामं. सगळं दही मी नॉर्थ कॅरोलायनात पोचवून आले होते. गाऊनवर ओढणी घेतली, सपाता घातल्या, वाटी घेऊन सातव्या मजल्यावर गेले. काकूंनी दार उघडलं, वाटी बघितली, काही न विचारता आत गेल्या. जाऊन येऊन चार मिनिटं. श्रीकांत टाय बांधत होता. त्यानं वाटीकडे पाहिलं, माझ्या सपातांकडे पाहिलं, आणि फ्रिजवरचं पत्रक काढून घडी केली.

त्यानं कंपनीला नकार कळवला. इथंच दुसऱ्या टीममध्ये काम मिळालं, त्याच्या आवडीचं नाही. अजून पावणेआठलाच येतो. त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

नीलिमाला मीच फोन केला. मी सांगायच्या आतच ती म्हणाली, "रोज एक वाटी बाजूला काढून ठेवते. तू आलीस की तुझं अडायला नको म्हणून."

"आम्ही येत नाही, नीलिमा."

तिनं विचारलं, "आणि पुन्हा बिघडलं तर?"

"फोन कर. मी घेऊन येईन."

"पाचशे मैल? तुला कोण आणणार?"

दुसऱ्या दिवशी चालत जाऊन लायसन्सच्या टेस्टचा फॉर्म आणला. तिसऱ्यांदा.