रोझाबाई उभ्या राहिल्या

घडीच्या लाकडी खुर्चीची कुरकुर ऐकली, की अजूनही माझ्याभोवती ओल्या कोटांचा आणि कढत चहाचा संमिश्र गंध दरवळतो. इंग्लंडातल्या पिनरच्या वाचनालयातल्या त्या रविवार दुपारच्या सिनेमाचा तो गंध! पुण्याहून येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि शेजारच्या वृद्ध रोझाबाईंना मी हट्टानं सोबत नेलं होतं. सिनेमा होता जर्मनांच्या अमलाखाली चिरडलेल्या एका इटालियन गावाचा. रोझाबाईही तशाच गावच्या.

कुंपणापलीकडून एकदा त्यांनी मलाच काय ते सांगितलं होतं. त्यांचा भाऊ बंडखोरांना मिळाला, त्यानं जर्मनांचा पूल उडवला, आणि सूड म्हणून सैनिकांनी त्याच्यासकट गावातली निरपराध माणसं भिंतीशी उभी करून मारली. गावानं दोष दिला तो भावाला. पुढे इंग्लंडात आल्यावर, भाऊ तापानं गेला, असंच त्या साठ वर्षं सगळ्यांना सांगत राहिल्या. मारणारे मोकळे, आणि जो लढला त्याची घरच्यांनी लाज बाळगायची, हा कुठला न्याय? मला ते मुळीच पटत नव्हतं.

पडद्यावर पूल उडाला, मग ती भिंतही आली. रोझाबाईंनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. शेवटी मुक्त झालेल्या गावाच्या घंटाघरावर झेंडा चढला, बँड वाजू लागला, आणि माझे पाय आपसूक उठले! पुण्यात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागायचं. पडद्यावर झेंडा फडकला की ताठ उभं राहायचं, ही सवय अंगात मुरलेली.

“अगं, बस ना! धिस इज नॉट आवर अँथम!” माझा कोट खेचत नवरा कुजबुजला.

ओशाळून मी बसणार, इतक्यात शेजारची खुर्ची कुरकुरली. रोझाबाई काठी टेकत उठल्या होत्या. पडद्याकडे रोखून पाहत, भरल्या सभागृहात खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “असाच पूल माझ्या भावानं उडवला. पिएत्रो त्याचं नाव.”

मग एकामागून एक साऱ्या खुर्च्या कुरकुरल्या. सगळ्यांत शेवटी माझ्या नवऱ्याची. जीर्ण लाकडाच्या त्या कर्कश नादाइतका मंगल स्वर मी आजवर ऐकलेला नाही. बँड केव्हाच थांबला होता. आम्ही मात्र पिएत्रोसाठी उभेच होतो.