दौंडच्या चाळीतले तीन ठोके

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको शेवटची आजारी होती तेव्हा दोनदा ओठांवर आलं होतं — तिच्या उशाशी बसून मी दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. आता तुम्ही समोर आहात असं धरून चालतो. मित्राला सांगावं तसं सांगतो. सांगून झाल्यावर मित्र राहाल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आधी चाळीबद्दल सांगू का? म्हणजे मी पुन्हा टाळतोच आहे — पण चाळ कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी मूळचा मांडवगण फराट्याचा. शिरूरच्या एका शेठची दौंडात चाळ होती, बहुतेक रेल्वेतल्या माणसांनी भरलेली. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये अंगण, पुढं एकच फाटक. कौलं, नळ, कड्याकोयंडे, भांडणं — सगळं मी बघायचो. लोक मला दिवाणजी म्हणायचे आणि मला ते आवडायचं. शेठच्या शिरूरमधल्या दुसऱ्या चाळीत एकदा आग लागली. माणसं वाचली, पण शेठनं धसका घेतला. त्यानं मला बोलावून घेतलं आणि शंभर पानी वहीत लिहूनच दिलं — वाळूच्या बादल्या कुठं ठेवायच्या, शिडी कुठं, कुठल्या खोलीत आजारी माणूस आहे, त्याला कोण बाहेर काढणार. आणि अंगणातल्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगायचा. संकट आलं की हातोड्यानं तो बडवायचा, सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही. दौंडात रुळाच्या तुकड्याला काय तोटा? दुसऱ्याच दिवशी टांगला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळ आटले, टँकर यायला लागला, तोही कधी सकाळी, कधी भर दुपारी. दारोदार सांगत कोण फिरणार? मी ठरवून टाकलं — तीन ठोके पडले की पाणी, न थांबता पडत राहिले की संकट. शेठला विचारलं नाही. माझे पाय वाचत होते, बस्स. तीन ठोके द्यायचे, हातोडा टाकायचा आणि रांग लावायला फाटकाकडं पळायचं. महिनाभरात असं झालं की पहिला ठोका पडला रे पडला, की बायकांचा हात हंड्याकडं जायचा. पुढचे कुणी मोजत नव्हतं.

एक शकूबाई सोडून.

ती शेवटच्या खोलीत राहायची. नवरा लोको शेडमध्ये कामाला. सासऱ्यांना — आबांना — अर्धांगवायू झालेला, सगळा दिवस खाटेवर. त्यांना बाहेर कसं काढायचं ते मीच तिला शिकवलं होतं. माणूस वाकळेवर घ्यायचा, दोन कोपरे धरायचे आणि ओढत न्यायचं. तिनं खरंच ओढून बघितलं, अख्ख्या चाळीसमोर. लोक हसले. आबा तर सगळ्यांत जास्त हसले. म्हणाले, "सूनबाई, बैलगाडीपरीस झाक हाय की!"

ती मात्र हसली नव्हती. घाम पुसत तिनं मला विचारलं, "दिवाणजी, तीनच पडलं तर पानी. थांबलंच न्हाई, तर आबास्नी काढायचं. व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

माझ्या त्या सगळ्या तयारीवर मनापासून विश्वास ठेवणारं चाळीत हे एकच माणूस होतं.

त्या दिवशी — दुपारचे बारा वाजले असतील. पुरुष कामावर गेलेले. शेवटच्या खोलीच्या मागं सरपणाची शेड होती, तिच्यातून धूर येताना मला दिसला. फक्त मलाच, कारण खोल्यांना मागं खिडक्या नव्हत्या. मी लिंबाकडं धावलो. हातोडा उचलला. एक मारला. दुसरा मारला. तिसरा पडतोय तोच शेडच्या पत्र्यावरून जाळाचा लोळ वर आला, त्याची झळ माझ्या तोंडाला लागली, आणि मी —

मी हातोडा टाकून पळालो. फाटकातून बाहेर, रस्त्यापलीकडं. मला मरायची भीती वाटली. याहून मोठं काही कारण नाही. असतं तर मी ते इतकी वर्षं उगाळत बसलो असतो.

मी रोज जसा पळायचो तसाच पळालो होतो, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. बायका हंडे घेऊन माझ्या मागं आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. शकूबाईही होती. डोक्यावर पदर, कमरेवर हंडा. मी तिला बघितलं. ती एकटी आलीय हेही बघितलं. तेव्हा तोंड उघडता आलं असतं का? आलं असतं. मी धापा टाकत उभा राहिलो. मग कुणीतरी मागं वळून किंचाळलं, आणि त्यानंतर मी परत आत गेलो आणि तो रूळ बडवला — हात सोलवटून निघेपर्यंत बडवला. तोवर तिच्या दारातून नुसता काळा धूर येत होता. आत शिरू पाहणाऱ्या तिला चार बायकांनी धरून ठेवलं होतं.

आबा गेले.

संध्याकाळी शेठ शिरूरहून आला. चाळ अंगणात गोळा झाली. शकूबाई एवढंच म्हणत राहिली, "तीनच पडलं वो. म्या मोजलं. तीनच पडलं."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मी माझे हात पुढं केले. फोड आलेले, रक्ताळलेले. म्हणालो, पहिल्यापासून थांबलोच नाही, शेठ, मध्ये फाटक उघडायला धावलो तेवढंच. बाकीच्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आम्ही काही मोजलं नाही. खरंच सांगत होत्या बिचाऱ्या. आणि शकूबाईचं घर चाळीतलं एकटं बौद्ध घर. तिचा शब्द आणि माझा शब्द समोरासमोर आले तर कुणाचा खाली पडेल, हे मला ठाऊक होतं. मी त्यावर विसंबलो. हे मी नंतर कधी ओळखलं असं नाही. त्या घटकेला, हात पुढं करतानाच मला ते कळत होतं.

सासऱ्याला आगीत टाकून पाण्याला गेलेली बाई — तिचं नाव तेच झालं. नवऱ्यानं तिला मारलं नाही, हाकललं नाही. फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. पुढं ते कुटुंब चाळ सोडून गेलं. शेठनं मला ठेवून घेतलं, वर शाबासकी दिली.

पाच-सहा वर्षांनी पुण्याच्या एसटीत ती भेटली. मी ओळख दाखवणार नव्हतो. तिनंच सरकून जागा दिली. "बसा, दिवाणजी." केस पांढरे झाले होते, अजून चाळिशीही नसेल तिची. पाटस मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "लई इचार केला म्या. तुमीच बराबर हुता. तुमच्या हाताचं रगात सगळ्यांनी बगितलं. माझंच मोजायला चुकलं असंल. तवा तुमच्यावर आळ घेतला... राग धरू नगा."

काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. ती वरवंडला उतरणार होती, आणि वरवंड यायला अजून वेळ होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या, शकूबाई. माझ्या मनात काही नाही."

तिनं मला हात जोडले.