दादाने खोललेला पाइप

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. वहिनी म्हणाली, "तुझा दादा गेला गो," आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नीट तपासलंत ना?" ... बहीण कुणाची मी! पोलादपूरला हायवेलगत दादाचं डिझेल गाड्यांचं गॅरेज. कुणाच्या शब्दावर गाडी पास करायची नाही, हा त्याचा खाक्या. खोक्यातून काढलेला नवा पार्टसुद्धा उलटासुलटा करून बघायचा. चहावाल्याने दूध ताजं आहे म्हटलं तरी याच्या कपाळाला आठी!

संशय घेण्यात मीही कमी नाही. माझे मिस्टर बिरवाडीहून औद्योगिक वसाहतीत कामगारांची बस नेतात. तीन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, ते घरी यायचे ते डोळे लाल करून, डोकं धरून. पायरीवर तोल जायचा, ताट समोर आलं की मळमळायचं. मी तोंडाचा वास घेतला, काही नाही. म्हटलं, वास न येणारी घेत असतील! खिसे उलटे केले, पिशवी उपसली आणि शेवटी... लिहूनच टाकते... त्यांच्या नकळत बसमालकाला फोन करून सांगितलं, "हे पिऊन गाडी चालवतात." चाळीस माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्याच दिवशी मालकाने चावी काढून घेतली.

मग दादापुढे जाऊन रडले. तो म्हणाला, "तुझ्या नाकावर माझा भरवसा नाय. आधी बस बघू दे." मालकाला सांगून त्याने बस मागवली. इंजिन गार होऊ दिलं, मग इंजिनाचा धूर मागे नेणाऱ्या लवचीक पाइपाचे दोन्ही क्लॅम्प सोडवून पाइप बाहेर काढला. वरची तारेची जाळी धडधाकट दिसत होती. "चांगला आहे की!" मालक म्हणाला. दादाने जाळीवरचा काजळीचा डाग बोटाने पुसून त्याला दाखवला. पाइपाचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि पाइप पाण्यात बुडवला. भराभर बुडबुडे! आतल्या घड्यांना चीर गेली होती. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, पावसामुळे खिडक्या बंद, म्हणजे सगळा धूर आधी त्याच्या नाकात. "हा धूर पीत व्हता तुझा नवरा," दादा म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नवा पाइप बसला, नोकरी परत मिळाली. पण चुगली केली कुणी? ह्यांचा संशय गेला सुभाषभाऊजींवर, दुसऱ्या पाळीचे ड्रायव्हर, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्या दिवसापासून बोलणं बंद. मी ऐकत राहिले, भाकरी वाढत राहिले. दादाला मात्र सगळं ठाऊक होतं. भेटला की विचारायचा, "सांगितलंस काय गो?" "सांगीन रे." "तू नाय सांगायचीस!" ह्यांना तूच सांग, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "चूक तुझी हाय. तूच निस्तर." शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजन असतानाही त्याने नजरेने तेच विचारलं. मी मान डोलावली. खोटी. त्याला कळलंच, त्याने तोंड फिरवलं.

खरं सांगते, तो गेल्यावर एक दिवस हायसंही वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही... लाज वाटते म्हणायला. मग तेराव्याला सुभाषभाऊजी आले. पंगतीत ह्यांच्यापासून चार पानं सोडून बसले, खाली मान घालून जेवले आणि निघून गेले.

अहो, तो फोन मी केला होता. रविवारची पुरवणी घरात पहिली तुम्हीच उघडता, म्हणून इथे लिहिते, तोंडाने जमलं नाही. माझ्याशी मग भांडा. आधी चप्पल घाला आणि सुभाषभाऊजींकडे जा.