दाराला कान

सकाळी सातला गुलाबाचा फोटो आला, की अण्णा ठीक आहेत असं आमच्या घरात धरलं जातं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशी, नारायण पेठेत एकटे राहतात. आम्ही धायरीला. "आता तुम्ही कायम माझ्या हाताशी," असं ऐटीत म्हणून मोबाइल मीच घेऊन दिला होता.

त्या दिवशी गुलाब आला नाही. साडेसात झाले, आठ झाले. मी सोळा फोन केले (बायको म्हणते बावीस). एकही उचलला नाही.

"अहो, दाढी तरी पूर्ण करा," बायको म्हणाली.

अर्ध्या दाढीनिशी स्कूटर काढली.

पेठेत पोचलो तर दार बंद. लॅचची दुसरी चावी माझ्याकडेच असते, म्हणजे धायरीला. दाराला कान लावला. आत अण्णांचा फोन वाजत होता, आणि तो लावणारा मीच होतो. शेवटी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला आणून लॅच तोडून घेतलं.

आत कुणीच नाही. अंथरुणाची नीट घडी, फोन चार्जिंगला.

"साहेब, दारावरचं वाचलंत का?" चावीवाल्याने विचारलं.

मी जिथे कान लावला होता, तिथेच कागद चिकटवलेला होता. ठसठशीत अक्षरात: "धायरीला मुलाकडे गेलो आहे. मोबाइल चार्जिंगला आहे, वाजल्यास वाजू द्यावा."

तेवढ्यात बायकोचा फोन. "अण्णा आलेत, थर्मासमध्ये काढा घेऊन. सहालाच निघाले होते, दोन बस चुकल्या. काल त्यांनी 'खोकला कसा आहे' विचारलं, तर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात ना? म्हणतात, आवाज बसल्याशिवाय पोरगा बापाला नुसता अंगठा कशाला पाठवेल?"

"घरी या लवकर," ती म्हणाली.

"कसा येऊ? दाराला कुलूप नाही."

दुपारी अण्णा परतले. तुटक्या लॅचकडे पाहिलं, मग माझ्या अर्ध्या दाढीकडे. "बैस," म्हणाले, आणि थर्मासमधला काढा ओतून हातात दिला. खोकला केव्हाच गेला होता, तरी निमूट प्यायलो.

हल्ली मी गुलाबाला चांगलं चार ओळींचं उत्तर लिहितो. अण्णांच्या दारावर मात्र तांबड्या शाईत नवा कागद लागलाय: "कुलूप तोडण्यापूर्वी वाचावे. विशेषतः चिरंजीवांनी."

जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आता मला "या, चिरंजीव" म्हणतो.