पायांकडे बघ!

बराकपूरच्या नर्स दीदींचं तोंड म्हणून कधी बंद नसे. सियालदहला गाडीतून उतरून वॉर्डात शिरल्या, की हात धुता धुताच तान्ह्या बाळांशी गप्पा सुरू. गाडीत कोण कोणाशी भांडलं, घरी मांजरीनं काय सांडलं, सगळं! "अहो, त्यांना काय कळतंय?" असं मी एकदा माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, तर म्हणाल्या, "कळत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

माझी लेक त्यांच्याच वॉर्डात होती. जन्मतःच तिच्या चेहऱ्याच्या नसा लुळ्या. दूध ओढता येईना, पापण्या मिटेनात, रडली तरी चेहरा कोराच. मोठे डॉक्टर म्हणाले, असं मूल आपण पहिल्यांदाच बघतोय. यांची कलकत्त्याला बदली होऊन वर्षही झालं नव्हतं आणि आई राहिली पुण्यात. मी आपली भेटीच्या वेळेला बालीगंजच्या घरून जायची आणि पाळण्याशी मुकाट बसून राहायची. बोलू काय, कपाळ! समोर काही उमटतच नव्हतं.

दीदी तिला झिनुकानं दूध पाजायच्या. झिनुक म्हणजे तिकडचं बोंडलंच. हनुवटीला बोटाचा आधार द्यायचा आणि थेंब थेंब सोडायचा. वाटीभर दुधाला तास लागे. ती झोपली की तिच्या पापण्या अलगद मिटून वर ओल्या कापडाची घडी ठेवायच्या. ही बाई थकत कशी नाही, म्हणून मी बघतच राहायची.

"दीदी, ही मला कधी ओळखणारच नाही का हो?" एक दिवस मला रडूच फुटलं.

"तोंडाकडे काय बघत बसलीस? पायांकडे बघ!" म्हणत त्यांनी बंगालीत लाडानं हाक मारली, "शोना!" लेकीच्या पायांची दहाही बोटं फुलली. मग मी हाक मारली. पाय ढिम्म. खोटं कशाला बोलू, मला दीदींचा हेवा वाटला, रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डभर बडबड, पण माझ्या लेकीच्या पाळण्याशी आल्या की दीदी चिडीचूप. दूधही मुक्यानंच पाजायचं. माझा राग ओळखला वाटतं, म्हणून मी खजील झाले. शेवटी ती शांतता सोसवेना आणि मीच बोलायला लागले. आईचं पत्र, करपलेली आमटी, मनात येईल ते, मराठीत. अक्षर कळत नसताना दीदी खुशाल माना डोलवायच्या.

घरी न्यायच्या दिवशी मी दारातूनच म्हटलं, "चला बाईसाहेब, घरी!" पाळण्यात दुपटं हललं. जवळ जाऊन बघते तर दहाच्या दहा बोटं फुललेली!

"तीन आठवडे जीभ आवरून जीव गेला माझा," दीदी म्हणाल्या. "पण तिनं तुझीच वाट बघायला हवी ना?"

"आता तरी एकदा हाक मारा," मी म्हटलं. त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली, वाकून तिच्या तळव्यांचा मुका घेतला आणि काही न बोलता शेजारच्या पाळण्याकडे वळल्या.