सात बुड्यांचा अंगरखा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते घोडेगावच्या झूलवाल्या आबांचे. त्यांचं-माझं रक्ताचं नातं नाही. जनावरांच्या बाजाराजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायच्या झुला ते शिवत. दिवाळी झाली की माझे आईवडील कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे आणि मला शाळेसाठी घोडेगावात मावशीकडे ठेवायचे. मावशीच्या घरात वही उघडायला जागा नव्हती. आबांच्या दुकानात होती. मी का येतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आठवीत त्यांनी मला मशीनवर बसवलं. बारावीनंतर मी म्हणालो, आता शिवणकामच करतो, तेव्हा त्यांनी मशीनचा पट्टा काढून खिशात घातला. म्हणाले, "नगरला कालेजात जा. पदवी घिऊन ये, मंग देतो पट्टा." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

पदवीनंतर मी केडगावात एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलो आणि संध्याकाळी नगरमधल्या एका हौशी नाटक मंडळात जाऊ लागलो. आधी पडदा ओढायचो, खुर्च्या लावायचो. नाटक बसवणाऱ्या मॅडम म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी यंदा स्पर्धेसाठी एका दरबाराचं नाटक घेतलं. अकरा पात्रं, राजापासून भालदारापर्यंत. कपडे पुण्याहून भाड्याने आणायचं ठरत होतं. त्या कपड्यांचे फोटो मी पाहिले. सगळं चकचकीत, लग्नाच्या बँडवाल्यांसारखं. न राहवून मी बोललो. म्हटलं, सगळ्यांना एकच मांजरपाट घेऊ, एकाच रंगात बुडवू. ज्याचा मान मोठा, त्याला बुड्या जास्त. राजाला सात, प्रधानाला पाच, भालदाराला एक. कोण कुणासमोर वाकणार, हे शब्दाआधी रंगानेच कळेल.

राजाचं काम करणारे गृहस्थ औषधाच्या दुकानाचे मालक, अंगाने भरलेले आणि तोंडाने मोकळे. ते म्हणाले, "मॅडम, हा बैलांचा शिंपी आहे बरं का. मला शेपटीसाठी भोक ठेवलं नाही म्हणजे मिळवलं!"

सगळे हसले. मीही हसलो.

"जबाबदारी घेतोस?" मॅडमनी विचारलं.

"घेतो."

"नीट विचार कर. मी पुण्याला नाही म्हणून कळवलं, की ते कपडे दुसऱ्याला जातील. मग तुझे कपडे नाहीत तर नाटक नाही. पाच महिन्यांची तालीम आहे या सगळ्यांची."

"घेतो, मॅडम."

मी तीन आठवडे खोलीवरच्या मशीनवर शिवत होतो. सकाळी दुकानात जायच्या आधी आणि दुकानातून आल्यावर. अंगरखे पांढरे होते तेव्हा सगळ्यांना घालून पाहिले. राजांनी दोन्ही हात वर करून, खाली बसून, पोट फुगवून पाहिलं आणि म्हणाले, "शेपटीचं भोक विसरलास, पण चालेल." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. मग प्रयोगाच्या तीन दिवस आधी मी खोलीच्या गच्चीवर लग्नाच्या स्वयंपाकाचं मोठं पातेलं मांडलं, कात आणि तुरटी उकळली आणि एकेक अंगरखा बुडवला. रंग असा उतरला, की मी स्वतःच बघत राहिलो. राजाचा अंगरखा ओल्या विटेसारखा गडद, भालदाराचा दुधाळ चहासारखा. फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "सुंदर."

श्रावणाचे दिवस. ऊन यायचं, जायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोरीवरून राजाचा अंगरखा काढला आणि सहज माझ्या अंगाला लावला. बाही माझ्याच मनगटाच्या वर आली. मी बारीक माणूस. तो अंगरखा माझ्या छातीवर जेमतेम मिटत होता.

मी बाकीचे भराभर काढले. सगळे आटले होते. जितक्या जास्त बुड्या, तितका जास्त आटलेला. भालदाराचा सगळ्यांत कमी, राजाचा सगळ्यांत जास्त.

कोणताही साधा शिंपी मांजरपाट आधी पाण्यात टाकतो, खळ जाऊ देतो, वाळवतो आणि मग कात्री लावतो. मी नव्हतो साधा शिंपी. मी शिकलो झुलांवर. पोळ्याची झूल कोऱ्या कापडाचीच लागते. एकदा पाणी लागलेलं कापड बैलाच्या पाठीवर घालत नाहीत, त्याचा अपमान होतो म्हणतात. आबांच्या दुकानात ताग्यावर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी तेवढा तुकडा बाजूला जायचा. कापड कोरं ठेवणं माझ्या हाताला इतकं लागलं होतं, की अकरा अंगरखे कापताना मला एकदाही शंका आली नाही.

पुढचे काही तास मी काय काय केलं, ते सांगायला लाज वाटते. अंगरखे पुन्हा ओले केले, खालच्या कडेला विटा बांधून दोरीवर टांगले. ओल्यावरच इस्त्री फिरवून ताणले. प्रधानाच्या अंगरख्याची बाही खांद्यात टरकन फाटली. मग पावसात सायकल काढून कापडाच्या दुकानात गेलो. तो तागा संपला होता. दुसरा मिळाला असता, पण तो भिजवायचा, वाळवायचा, कापायचा, शिवायचा, रंगवायचा, पुन्हा वाळवायचा, आणि प्रयोग परवा दुपारी. बोटांवर मोजून पाहिलं. एक झाला असता. अकरा नाही.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "वाळले का रे कपडे?"

"हो मॅडम, होतायत."

"काही अडचण?"

"नाही."

ते "नाही" मी का म्हणालो, हे मला अजून कळत नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी निदान कुठून तरी धोतर-उपरण्यांची सोय केली असती. मी फोन ठेवला आणि गच्चीच्या कठड्याला टेकून बसलो. मोबाईल बंद करून गावी निघून जावं, पुन्हा नगरला तोंड दाखवू नये, एवढाच विचार येत होता. पदवी घेतली, चार माणसांत बसायला लागलो, आणि पहिलं मोठं काम हाती आलं तर हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने अकरा अंगरखे पोत्यात भरून मी घोडेगावला उतरलो.

आबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, आणि कानही जवळजवळ गेले. दुकान त्यांची सून चालवते. मी तिला वहिनी म्हणतो. पोळा जवळ आलेला, दुकानात लाल कापडाचा ढीग. आबा खाटेवर बसून बघत होते. मी पोतं उलटं केलं.

आबांनी डाव्या हाताने राजाचा अंगरखा उचलला, शिवण नखाने दाबून पाहिली.

"कोरं कापलंस?"

"व्हय."

"आन् उकाळलंस?"

मी मान हलवली.

आबा हसले. मला वाटलं होतं, शिव्या देतील. "माझीच चूक हाय. म्या तुला कापड भिजवाय कवा शिकीवलंच न्हाई. माझं गिऱ्हाईक काय झूल घालून आंघोळ करतंय व्हय?"

"आबा, उद्या दुपारी नाटक आहे," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "हे झालं नाही तर नाटकच नाही."

"मंग वरडतो कशाला? फाड."

"काय?"

"काखंतून उसव, पाठीतून उसव. बैल पोसला तर आपुन नवी झूल शिवतो का? मधी पट्टी घालतो. बाहीला काठ लाव."

त्यांनी लाल कापडाकडे बोट केलं. त्या रंगांच्या उतरंडीवर मी सगळं उभं केलं होतं. त्यात पोळ्याचं लालभडक कापड म्हणजे सगळा खेळच मोडला.

"आबा, त्या रंगावरच नाटक उभं आहे."

"नाटक उभं ऱ्हाईल रं. पन राजा बसला की फाटंल, त्याचं काय?"

वहिनी म्हणाल्या, "भावजी, बोलत बसू नका. मी उसवते, तुम्ही शिवा."

झुलेचं मशीन जड असतं. चार पदरी कापडातूनही सुई जाते. मी राजापासून सुरुवात केली. वहिनी उसवायच्या, मी शिवायचो. आबांना स्वस्थ बसवेना. त्यांनी ब्लेड मागून घेतलं, अंगरखा गुडघ्याखाली दाबला आणि डाव्या हाताने शिवण उसवू लागले. वहिनी दोनदा ओरडल्या, "आबा, डाक्टरनं काय सांगितलंय?" आबांना ऐकू येत नव्हतं, किंवा तसं ते दाखवत होते. दुपारनंतर त्यांची बोटं वळली, ब्लेड धरता येईना. मग त्यांनी दातांत दोरा धरून ओढायला सुरुवात केली. मी म्हणालो, "आबा, बास." ते म्हणाले, "शीव."

मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. मला अंगरखे हवे होते.

नगरची गाडी यायची वेळ झाली तेव्हा सात झाले होते. चार राहिले, भालदार आणि तीन सेवक. ती गाडी चुकली तर पुढच्या गाडीचा भरवसा नव्हता. मी तेही तसेच पोत्यात भरले. निघताना आबांच्या पाया पडलो तेव्हा त्यांचा डावा हात मांडीवरच पडून होता. तो उचलून माझ्या डोक्यावर ठेवणं त्यांना जमलं नाही.

पुढचं सगळं मी त्यांना फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ते नुसते "हां, हां" करत राहिले, एक शब्द पोचला नसेल. म्हणून प्रयोगानंतर चार दिवसांनी पत्र लिहिलं. ते असं होतं.

"आबा,

हे पत्र वहिनी वाचून दाखवतील. मध्येच 'कळलं, कळलं' म्हणून त्यांना थांबवू नका. शेवटपर्यंत ऐका.

नाटक झालं. पडदा वेळेवर वर गेला. राजे सिंहासनावर बसले, उठले, रागाने हात उगारला, तरी एक टाका सुटला नाही. चौघांचे अंगरखे राहिले होते. आटलेल्या घट्ट कापडात माझ्या मशीनची सुई चालेना, म्हणून ते आम्ही पाठीत उघडेच ठेवले आणि पिना लावल्या. त्यांना सांगितलं, काही झालं तरी लोकांकडे पाठ करायची नाही. तिघांनी ऐकलं. भालदार मात्र सवयीने वळला आणि सगळ्या नाट्यगृहाला त्याची बनियन दिसली. लोक हसले. तिथे हसायचं नव्हतं, राजाच्या घरी मरण झालेलं होतं. मॅडम माझ्या शेजारी विंगेत उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

कपडे आटल्याचं मी त्यांना नाटकाआधी तासभर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'मी परवा विचारलं होतं तुला.' बक्षीस मिळालं नाही. पुढच्या नाटकाला कपडे पुण्याहून आणायचं ठरलं आहे, मला पुन्हा पडदा ओढायला ठेवलं आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

आता दुसरं. नाटकाच्या माहितीपत्रिकेत 'वेशभूषा' म्हणून माझं एकट्याचं नाव होतं. ती आधीच छापली होती, पण नाटक संपल्यावर एका परीक्षकांनी मला विचारलं, हे लाल जोड द्यायचं कसं सुचलं? मी म्हणालो, सुचलं. आबा, मी तुमचं नाव घेतलं नाही. चूक उघडी पडेल म्हणून नाही, बैलांचं नाव निघेल म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगून आलो. ते जेवत होते, त्यांनी नीट ऐकलं की नाही ठाऊक नाही.

काल वहिनींशी बोललो. त्या म्हणाल्या, तुमचा डावा हात तेव्हापासून वर होत नाही, पेला धरताना सांडतो, आणि तुम्ही कुणाला सांगू देत नाही. ते लाल कापड एका गिऱ्हाइकाच्या दोन झुलांचं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी तुम्हाला ते विचारलंच नव्हतं.

मी रविवारी येतो. कापड नगरहून आणतो, कोरं. पोळ्यापर्यंत दुकानात बसतो, झेरॉक्सवाल्यांना सांगितलं आहे. पण आधी तुम्ही माझ्याबरोबर नगरला डॉक्टरांकडे यायचं. नाही म्हणू नका. तुम्ही नाही म्हणालात तर मला काय करायचं ते सुचणार नाही."